आत्याची कुलपं

आमची आत्या दवाखान्याची जीप चालवायची. नदीपलीकडचे पेशंट अलीकडे आणायचे, हे तिचं काम. पूल नव्हता. त्या जीपचा डिझेलचा वास, फाटकी ताडपत्री, दारांचा पत्ता नाही. पण आजच्या गुळगुळीत गाड्यांत बसलं की मला तीच आठवते.

पाण्यात शिरण्याआधी आत्या खाली उतरायचीच. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एकेक चकती होती. ती हातानं फिरवली तरच पुढच्या चाकांना जोर मिळायचा; आतला फोर-व्हीलचा दांडा नुसता ओढून काही उपयोग नाही. ती त्यांना कुलपं म्हणायची. "आधी कुलपं, मग पाणी," हे ऐकवून ऐकवून तिनं नव्या ड्रायव्हरांचे कान किटवले होते.

आणि एकदा तीच विसरली. त्या दिवशी पेशंट होती आजी, म्हणजे आत्याची आई. तिला धाप लागली होती, डोकं माझ्या मांडीवर होतं. आत्यानं दांडा ओढला आणि जीप थेट पाण्यात घातली. नदीच्या मध्यावर मागची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली.

"इंजिन बंद पडू द्यायचं नाही, नाहीतर सायलेन्सरमधून पाणी शिरेल," आत्या स्वतःशीच पुटपुटली. गिअर काढला, हँडब्रेक ओढला आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरली. बंपर धरून, पाण्याखाली चाचपडत तिनं दोन्ही चकत्या फिरवल्या.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," आजी धापा टाकत म्हणाली, "आपण कोरडे पाषाण!"

"कोरडी कुठे आहे गं मी!" आत्या हसत होती की रडत होती, देव जाणे. पहिल्या गिअरमध्ये, एकाच संथ वेगानं तिनं जीप काठाला लावली. आजी वाचली, आणि त्या कुलपांवरून जन्मभर आत्याला टोमणे मारत राहिली.

परवा आत्या माझ्या गाडीत मागे आडवी होती. तीच धाप. हॉस्पिटलच्या वाटेवरचा ओढा भरून वाहत होता. मी फोर-व्हीलचं बटण दाबलं.

"कुलपं लावलीस?"

"आत्या, आता बटण असतं गं."

"उतरून बघ."

तिच्याशी वाद घालून कोण जिंकलंय? उतरले. दोन्ही चाकांवर हात ठेवला. फिरवायला तिथे काहीच नव्हतं. मला रडू फुटलं, ते पुसलं आणि परत येऊन बसले.

"लावली गं. दोन्ही."

"मग घाल पाण्यात," ती म्हणाली, आणि तिनं डोळे मिटले.