निबंधावरचा श्री

अमेरिकेतल्या मराठी घरात दोन गोष्टी टाकून देववत नाहीत: दह्याचे रिकामे डबे आणि किस्से. डबे निदान बेसमेंटमध्ये एकात एक बसतात. किस्से कुठे ठेवायचे? माझ्याकडचे तर सगळे निबंधांचेच आहेत. मी स्वतः जुनी अकरावी पास. तरी नेपरव्हिलच्या आमच्या मराठी मुलांनी हायस्कूलमध्ये लिहिलेले कितीतरी निबंध माझ्या हातून गेले आहेत. अगदी खरोखर हातून, कारण ते टाईप मी करायचे!

सुरुवात झाली मंडळाच्या गणपतीत. भाड्याच्या हॉलमध्ये मी मसालेभात वाढत होते. बोलता बोलता तोंडून गेलं, की लग्नाआधी सांगलीला मी टायपिंगची सरकारी परीक्षा दिली होती. जोशी डॉक्टरांची स्वाती ताट घेऊन तिथेच थांबली.

“काकू, यू मीन, न बघता? दहाही बोटांनी?”

“बघितलं तर सर पट्टी मारायचे.”

पुढच्याच आठवड्यात ह्यांनी इलेक्ट्रिक टाईपरायटर आणला. मग शाळा सुटली की स्वाती, आमचा समीर आणि आणखी दोघं माझ्या किचन टेबलापाशी. मी पोहे करायचे, मुलं भांडायची, मग मी टाईप करायचे.

सांगलीच्या सरांचा नियम एकच होता. समोर आहे तेच उतरवायचं, आपली अक्कल मध्ये घालायची नाही. तो मी पाळला. फक्त एक गोष्ट माझी असायची. कोऱ्या कागदावर आधी वर मधोमध ‘श्री’, इंग्रजी अक्षरांत. आमच्याकडे वाण्याची यादीसुद्धा श्रीशिवाय सुरू होत नाही, हे तर निबंध!

*

स्वातीचा पहिला निबंध अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा. इंग्रजांच्या करावर चिडून लोकांनी जहाजांवरचा चहा बंदरात फेकून दिला, असं त्यात होतं. माझी बोटं थांबली.

“सगळा? चहा?”

“पेट्या भरभरून, काकू!”

आम्हाला तेव्हा मनासारखा चहा आणायला शिकागोच्या देसी दुकानात जावं लागे. पुडा संपत आला की मी दुपारचा कप बंद करायचे. त्यामुळे माझा जीव हळहळला. संध्याकाळी ह्यांना स्टेशनवरून आणायला गेले, तेव्हा गाडीतच सांगून टाकलं.

ह्यांनी शांतपणे विचारलं, “दूध घालून प्यायचे का ते लोक?”

“काय माहीत. बहुतेक नाही.”

“मग फेकणारच!”

*

समीरला ग्रीकांचं एक जुनं महाकाव्य होतं. युद्ध संपल्यावर एक राजा घरी यायला निघतो आणि समुद्रावर वर्षानुवर्षं भरकटतो. समीरने त्याच्या धाडसावर पानंच्या पानं लिहिली होती.

मी विचारलं, “आणि त्याची बायको एवढी वर्षं काय करत होती?”

“वेटिंग, मॉम.”

“ते कळलं रे. पण दिवसभर?”

“मॉम, दॅट्स नॉट द क्वेश्चन!”

खरंच होतं, प्रश्न तो नव्हताच. मी राजाला टाईप करून घरी पोहोचवलं आणि कुकर लावला.

*

एकदा स्वाती धावत आली. हिस्ट्रीच्या सरांनी विषय दिला होता: इथे आलेल्या पहिल्या वसाहतवाल्यांचा, म्हणजे पिल्ग्रिम लोकांचा, पहिला हिवाळा, आणि समुद्र ओलांडून आलेल्या तुमच्या ओळखीच्या एखाद्या माणसाचा पहिला हिवाळा. तुलना करा.

“काकू, तुम्ही माझ्या पिल्ग्रिम!”

मी स्वेटरवरून पदर नीट करून बसले. “विचार.”

“पहिल्या हिवाळ्यात सगळ्यात कठीण काय गेलं? कोल्ड? फूड?”

“दुपार.”

“दुपार?”

“हे सकाळच्या ट्रेनने गेलेले. समीर शाळेत. बाहेर बर्फ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पोस्टमन दिसला तरी मी काचेपाशी जाऊन उभी राहायचे. तो आपला आमच्या डब्यात जाहिराती टाकून पुढे जायचा.”

स्वातीने पेन्सिल चावली. “काकू, सरांना दुपार नाही कळणार. मी कोल्ड लिहू का?”

“लिही.”

तिने लिहिलं, मी उतरवलं. तिला ए मिळाला. थंडीबद्दल!

*

मग आली पालकांची मीटिंग. हिस्ट्रीचे सर उंच, हसरे. आमच्यापुढे चार निबंध मांडून म्हणाले, “मला एकच सांगा. हा श्री कोण? चौघांच्याही पेपरवर त्याचं नाव आहे, आणि माझ्या वर्गात असा मुलगाच नाही! मला वाटलं, एकच जण सगळ्यांना लिहून देतोय.”

ह्यांनी त्यांच्या इंजिनियरी थाटात, ड्रॉइंग समजावून सांगावं तसं समजावलं: शुभारंभ, देवाचं स्मरण, लक्ष्मी वगैरे.

सर म्हणाले, “म्हणजे या देशाच्या संस्थापकांनी देवाला सरकारी कामातून एवढं खटपटीने बाहेर काढलं, आणि मॅडमनी त्याला टाईप करून परत आत आणलं!” मग खो खो हसले. “राहू दे. या वर्गाला त्याची गरज आहे.”

आम्हीही हसलो. गाडीत मागे बसलेला समीर हसला नाही. वर्गातली मुलं त्याला ‘श्री, श्री’ करून हाका मारत होती म्हणे.

“मॉम, माझ्या पेपरवर नको. प्लीज.”

“बरं,” मी म्हटलं.

त्यानंतर त्याचे निबंध मी श्रीशिवाय टाईप केले. तो पानं मशीनवर ठेवायचा आणि वर निघून जायचा. दार बंद. त्याची खुशाली मला त्या पानांवरून कळायची. अक्षर घाईचं असलं की मित्र बाहेर थांबलेत. खोडाखोड असली की काहीतरी बिनसलंय. विचारलं तर “इट्स फाइन.” त्याने पूर्वीसारखं टेबलापाशी बसून दोन वाक्यं बोलावीत, भांडावं हवं तर, एवढीच माझी इच्छा होती. पोहे मी तरीही चौघांचे करायचे.

*

पुढे स्वातीकडे कंप्युटर आला. तिचा फोन: “काकू, यू हॅव टु सी इट! चूक झाली तर व्हाइटनर नको, काही नको. लगेच जाते!”

“आणि टायपिस्ट?”

“लागतच नाही!” मग तिने जीभ चावली असावी. “पण तुमचे पोहे लागतात हं, काकू.”

गुणी पोर. पण मग तिलाही कॉलेजचे अर्ज भरायचे होते, येणं थांबलंच.

समीर त्याचा कंप्युटर घेऊन कॉलेजला गेला. मी टाईपरायटरला जुन्या साडीचं कव्हर शिवलं. एका दुपारी ते काढलं, कोरा कागद चढवला आणि वर मधोमध श्री टाईप केलं. पुढे उतरवायला समोर काही नव्हतंच. कव्हर परत घातलं.

*

रविवारी त्याचा फोन यायचा. आधी हे बोलायचे, मग रिसीव्हर माझ्याकडे.

“जेवलास?” “येस.”

“थंडी आहे?” “इट्स ओके.”

“बरं, ठेवते.”

एवढंच. एका रविवारी मी ‘ठेवते’ म्हटलं, तरी तो लाइनवरच होता.

“मॉम, माझा पेपर परत आला. हिस्ट्रीचा.”

“वाईट गेला का रे?”

“नो, नो. प्रोफेसरने वर लाल गोल केलाय. टॉपला, मधोमध. बाजूला लिहिलंय, हू इज श्री?”

मी खुर्ची ओढून बसले.

“मग तू काय सांगितलंस?”

“आय सेड, शीज माय टायपिस्ट.”