‘डॉमि.’ लिहिलेला खण

टपाल कचेरीच्या परदेशी पार्सलांच्या खोलीत भिंतभर लाकडी खण होते आणि प्रत्येक खणावर खणवाल्या काकांच्या हातची चिठ्ठी. एकोणतीस वर्षांत त्यांनी एकही परदेश पाहिला नव्हता, पण नावांना कात्री लावण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ‘डॉमि.’ ही चिठ्ठी त्यातलीच. लेक हॉटेलात नोकरीला तिकडे निघाली तेव्हा तिने बजावलं होतं, ‘‘बाबा, डॉमिनिकन रिपब्लिक म्हणा. पूर्ण.’’

‘‘एवढं चिठ्ठीत मावत नाही,’’ म्हणत काकांनी तिला उडवून लावलं होतं.

त्या सकाळी रेडिओवर बातमी आली. डॉमिनिकात चक्रीवादळ, घरांची छपरं उडाली, फोन बंद. काकूंच्या हातातला कप तसाच राहिला.

‘‘आपली पोर तिथंच ना हो?’’

‘‘तिथंच,’’ काका म्हणाले. लेकीचा फोन लावला, तो बंदच. पुन्हा लावला. शेवटी घरात बसवेना म्हणून ते डबा न घेताच कामावर गेले.

खोलीतला जगाचा नकाशा कपाटामागे गेल्याला कैक वर्षं झाली होती. पहारेकऱ्याला हाताशी धरून काकांनी कपाट सरकवलं. आधी त्यांनी आफ्रिका पालथी घातली, तिथं काही सापडेना. जन्मभर खणांशी खेळलो आणि स्वतःची पोर कुठे आहे ते ठाऊक नाही, असं पुटपुटत ते एकेक खंड बोटाने धुंडाळत गेले. अखेर अमेरिकेच्या पोटाशी, निळ्या पाण्यात, ते नाव दिसलं. डॉमिनिकन रिपब्लिक, मोठ्या बेटावर. आणि खाली उजवीकडे, चार बोटं समुद्र सोडून, तांदळाएवढं डॉमिनिका.

काकांनी घरी फोन केला. ‘‘अगं, वादळ दुसऱ्याच देशात आहे. आपली सुखरूप असणार. फोन बंद ठेवून झोपली असेल.’’ पलीकडे काकू रडायला लागल्या. काका स्टुलावर बसले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

तेवढ्यात खिडकीशी एक बाई आल्या. गेल्या सोमवारी त्यांनी लेकासाठी दम्याचे पंप पाठवले होते. सकाळची बातमी त्यांच्याही कानावर गेली होती.

‘‘डॉमिनिकाचं पार्सल होतं, काका. वादळाच्या आधी पोचलं असेल ना त्याला?’’

सोमवारी ‘डॉमि.’चा अख्खा खण एकाच पोत्यात गेला होता, आणि पोत्यावर काकांनीच पूर्ण नाव लिहिलं होतं, डॉमिनिकन रिपब्लिक. ‘पोचलं असेल’ हे शब्द त्यांच्या ओठांवर आले. बाई दोन्ही हातांनी खिडकीचा गज धरून उभ्या होत्या.

‘‘नाही बाई,’’ काका म्हणाले. ‘‘मी ते माझ्या मुलीच्या देशात पाठवलंय.’’