मालनआक्का अन् वस्तीवरची तार

गौरव अंकासाठी दोन पानं लिहून द्या, असं मंडळानं सांगितलं. म्या म्हणलं, सातवीत शाळा सोडलेला माणूस मी, मला तसलं सजवून लिवता येत न्हाय. तर म्हणले, बोलता तसं लिवा. म्हणून बोलतो तसं लिवतोय. शाल, फेटा, हार ह्या गोष्टीचा मला पहिल्यापसून कटाळा. पण मालनआक्कांना पंच्याहत्तर वर्षं झाली. बाकीची मंडळी गोड लिवतेल. मी झालं तसं लिवतो.

आक्का आमच्या उपकेंद्रावर सिस्टर म्हणून आल्या तवा माझं लगीन नुकतंच झालेलं. एक दिवस कुळवाची फास, म्हंजी त्याचं लोखंडी पातं, पायात घुसली. रुमाल गुंडाळून लंगडत गेलो अन् म्हणलं, "बाई, एक सुई टोचा अन् सोडा मला. बैलं जुपलेली हायती." बाईंनी माझा रुमाल सोडला. घमेल्यात पाणी घेतलं, साबण घेतला अन् पाय धुवायला बसल्या.

"अवो बाई, माझी बैलं!"

"बैलं हुभी ऱ्हात्यात. तुमी बसा."

माती निघंपर्यंत सोडलं न्हाय मला. तवापसून आमचं दोघांचं हे एकच भांडण चालू हाय. मला आत्ता पायजे असतंय, त्यांना नीट पायजे असतंय.

नोकरी व्हती तवर आक्का वस्त्या-वस्त्यांवर पायी फिरल्या. लस टोचायची म्हणलं की पोरं गोठ्यात जाऊन दडायची. दुसरी सिस्टर असती तर आयांवर वरडली असती. आक्का गोठ्याच्या दारात शेंगा फोडत बसायच्या. पोरगं शेंगा खायला आपसूक बाहेर यायचं, अन् सुई टोचून घेऊन रडत घरी जायचं. माझ्या मंडळीच्या डोळ्याचं आपरेशन झालं तवा आक्का रिटायर झाल्या व्हत्या. तरी रोज येऊन डोळ्यात थेंब घालून जायच्या. कुणी बोलावलं नव्हतं. चहा मात्र घ्यायच्या, अन् तो गार करून, फुकून-फुकून. मला ते बघवायचं न्हाय.

पण मला लिवायचंय ते इंटरनेटचं. त्या कामात माझं रक्त आटलं, अन् आक्का काय चीज हायत ते मला तवाच कळलं.

आक्कांचा मुलगा सुनील शेती बघतो. सून अश्विनी कळंबकडची, बी. कॉम. झालेली. तिला पुण्याच्या एका कंपनीत काम लागलं, घरी बसून कॉम्प्युटरवर करायचं. पण आमच्या वस्तीवर मोबाईलची रेंज म्हणजे रुसलेल्या पावण्यासारखी, दारात येती अन् माघारी जाती. अश्विनी माळावरच्या पाण्याच्या टाकीपशी छत्री धरून बसायची अन् कंपनीचं ट्रेनिंग घ्यायची. उन्हानं तोंड काळंठिक्कर पडलं पोरीचं. शेवटी कंपनीची मॅडम म्हणली, पाडव्याच्या आत घरात तारेचं नेट घ्या, न्हायतर पुण्याला हापिसात येऊन बसा.

सुनील आईला म्हणला, "मंग आमाला जावंच लागंल. तूबी चल."

"मी तिथं काय करू? ग्यालरीत तुळशीकडं बघत बसू?" आक्का म्हणल्या. पण त्या दिवशी नातीला मांडीवरून खाली ठिवलं न्हाय त्यांनी, ते म्या बघितलं. मुलगा, सून, नात गेली की त्या घरात आक्का अन् एक म्हैस, एवढंच उरणार व्हतं.

आता गंमत बघा. गावात पंचायतीपतुर तार आलेलीच व्हती. मधी तीन-चार जणांची रानं, ती वलांडली की आमची वस्ती. पण भूमचा इंटरनेटवाला म्हणला, वस्तीवर खांब न्हाईत, आमाला परवडत न्हाय. मंग इंटरनेटच्या कंपनीला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा. सगळं दाबून झालं तर बाई म्हणती, तक्रार आमच्या ॲपवर नोंदवा.

"अगं बाई, नेट असतं तर तुला कशाला फोन केला असता?" मी वरडलो.

"बापू, ती टेप हाय," अश्विनी म्हणली.

"टेप हाय म्हणून काय झालं? आईकू दी की तिला!"

आक्का हसल्या. मला हसू येत नव्हतं. चार चकरा मारल्यावर इंटरनेटवाला एवढं कबूल झाला की खांब तुमी हुभे करा, तार आमी वढतो. अन् तिथं खरं दुखणं सुरू झालं, कारण मधलं मोठं रान तुकारामाचं.

तुकाराम आमच्याच भावकीतला. माणूस कामाला वाघ, पण बांधाचं नाव काढलं की बिथरतो. त्याच्या वडलांनी एकदा लाईटीचा खांब बांधावर रोवू दिला. पुढं शेजाऱ्यानं तोच खांब हद्द म्हणून दाखवला अन् ते भांडण बापाच्या मागं पोराच्या गळ्यात आलं. आमच्याकडं बांधावरचा धोंडासुद्धा कुणी सरकवू देत न्हाय, मंग खांब कोण रोवू देतंय?

"आक्का, तुमी म्हणाल तर किडनी देतो," तुकाराम म्हणला, "पण बांधावर खांब न्हाय."

"किडनी नगं. हायती माझ्या दोन."

म्या आक्कांना म्हणलं, "ह्याच्या नादी लागू नका. तहसीलला अर्ज टाका. माझ्या वळकीचा वकील हाय."

"अर्जानं खांब हुभा ऱ्हाईल, बापूराव. पण तार तुटली की ते कोण सांगंल? तुकारामच ना?"

मंग आक्का रोज संध्याकाळी तुकारामाच्या अंगणात जाऊन बसायला लागल्या. मीबी जायचो, काम कुठवर आलं बघायला. काम कुठं? शेरडाला खोकला झालाय, हरभरा किती उतरला, त्याच्या थोरल्या लेकीच्या सासूचा गुडघा कसा हाय. खांबाचं अक्षर न्हाय! पाडवा जवळ आलेला, अन् ह्या शेरडाचा खोकला इचारतात. मी उठून फिरायचो, परत बसायचो.

एक दिवस बोलता-बोलता आक्का म्हणल्या, "तुकाराम, बांध सोडून देऊ. बांधापसून आत, तुझ्या रानात, तुला वाटंल तिथं खांब रोव. तुझ्या हातानं. खांब तुझा. उद्या नांगराला आडवा आला तर उपटून टाक, कुणाला इचारू नगं."

"मंग कंपनीचं काय?"

"कंपनीची निस्ती तार."

तुकारामानं तंबाखू मळून दाढंला धरली. मंग म्हणला, "असं आधी सांगायचं ना आक्का. मी कवा न्हाय म्हणलं?"

मी आपला पहार हुडकायला उठलो.

आमच्याकडं खुरपणीला, काढणीला सावड असती. आज माझ्या रानात तुमी, उद्या तुमच्या रानात मी. आक्कांनी खांबाचीच सावड केली. बोअरचे जुने पाईप ज्याच्या-त्याच्या घरी पडलेलेच व्हते. ज्याचं रान त्यानं जागा दाखवायची, पहिली पहार त्यानं मारायची, बाकीच्यांनी खड्डा काढायचा. दुपारी आक्कांकडं येसर आमटी अन् भाकरी. सांजच्याला पंचायतीपसून वस्तीपतुर पाईप रांगंत हुभे! मला वाटलं, सुटलो.

इंटरनेटवाला तारेचं भेंडोळं घेऊन आला, वस्तीच्या कडंला टाकलं अन् म्हणला, "जोडायची मशीन इसरलो. उद्या येतो." तो उद्या आठवडाभर आला न्हाय. आला तवा भेंडोळंच जागेवर नव्हतं. सगळी हुडकायला लागली. हुडकत-हुडकत आमी तुकारामाच्या खळ्यावर गेलो, तर कडब्याच्या पेंढ्यांवर काळे पट्टे! नवी कोरी तार, दोन-दोन हात कापून, गाठी मारून.

"अरं तुकाराम, ही तार हाय!" मी वरडलो.

"तार? तारंत तांबं असतंय. म्या इळ्यानं कापून बघितली की. आत निस्ता काचंचा केस. मला वाटलं कुणी दोरी टाकून दिली."

"रोज खांबाकडं बघतोस, अन् त्याच्यावर काय चढणार व्हतं, कडबा?"

तुकाराम इतका वरमला की त्यानं टोपी काढून हातात घेतली. इंटरनेटवाला डोस्क्याला हात लावून बसला. अश्विनी तिथंच हुभी व्हती, तिच्या डोळ्यात पाणी आलं. आक्कांनी एक पेंढी उचलून बघितली.

"गाठ तरी पक्की बसली का, तुकाराम?"

"लई पक्की, आक्का. सुतळीपरीस भारी."

"मंग झालं. उद्या सकाळच्या यष्टीनं माझ्यासंगं भूमला चल."

मला वाटलं, ह्या बाईला काय म्हणावं! गुन्हेगाराला संगं घेऊन कुठं निघाल्या? पण मला ऱ्हावलं न्हाय, मीबी बसलो यष्टीत.

दुकानात इंटरनेटवाला म्हणला, "नवीन बंडल वरून मागवावं लागंल. म्हैना जाईल." मी आवाज चढवला. अन् तुकाराम, ज्यानं बांधाला बोट लावू दिलं नव्हतं, तो माणूस दुकानाच्या दारात मांडी घालून बसला.

"सायेब, चूक माझी हाय. पण खांब माझ्या हातानं रोवलेला हाय, अन् त्याच्यावर तार न्हाय. येणारं-जाणारं इचारतंय, तुकाराम, हे कावळ्यासाठी रोवलंस का? मी गावात तोंड कसं दाखवू? तार दिल्याबगर मी उठत न्हाय."

गिऱ्हाईक त्याला वलांडून आत जायला लागलं. आक्कांनी पिशवीतली भाकरी काढून त्याला दिली. त्यानं तिथंच बसून खाल्ली, पाणी मागितलं, परत बसला. दुपार कलायच्या आत त्याच दुकानाच्या मागल्या खोलीत बंडल निघालं.

"म्हैना कुठं गेला रं?" म्या इचारलं. आक्कांनी मागून माझा सदरा वढला.

तार वढताना तुकाराम शिडी धरून हुभा व्हता. भेंडोळ्याला त्यानं कुणाला हात लावू दिला न्हाय. पाडवा तोंडावर आला तवा आक्कांच्या भिंतीवर नेटची डबी लागली, हिरवा दिवा लुकलुकला, अश्विनीनं मॅडमला फोन लावला अन् तेवढ्यात लाईट गेली. काय बोलावं माणसानं? सुनीलनं फवारणीच्या पंपाची बॅटरी काढून डबीला जोडली. दिवा परत लागला. अश्विनी स्क्रीनवर मॅडमला म्हणली, "व्हय मॅडम, घरातनंच बोलतेय."

आता सगळं नीट चालतंय असं लिवलं तर खोटं हुईल. उसाच्या ट्राल्या निघाल्या की रस्त्यावरची तार उसात अडकती. मंग तुकाराम लांब आकडी घेऊन रस्त्यावर हुभा ऱ्हातो, तार वर उचलून धरतो अन् ड्रायव्हरला शिव्या देतो. कंपनीच्या फोनवरची ती टेप अजून तशीच बोलती. पण अश्विनी पुण्याला गेली न्हाय. सुनील रानात हाय. नात अंगणात कोंबड्यांच्या मागं पळती.

परवा मी आक्कांना कार्यक्रमाचं निमंत्रण द्यायला गेलो. सवयीनं रस्त्यावरूनच हाळी दिली. आक्का उंबऱ्यात तूर निवडत बसल्या व्हत्या. हात वर केला त्यांनी, जसा काय यष्टी थांबवायला करतात तसा.

"हळू बोला, बापूराव. सून हापिसात हाय."

आतल्या खोलीतनं अश्विनीचा आवाज येत व्हता, पुण्याच्या माणसांशी बोलत व्हती. आक्का कान देऊन ऐकत व्हत्या. त्यातलं त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण सूप हातातच ऱ्हायलं व्हतं. म्या निमंत्रण कानात सांगितलं अन् चपला हातात घेऊन अंगणातनं बाहेर आलो.

आक्का, तुमचे गुडघे चालते ऱ्हावेत, डोळे निवडण-टिपण करण्याइतके धड ऱ्हावेत, चहा फुकून पिण्याइतका दम छातीत ऱ्हावा. अन् त्या उंबऱ्यात बसून तुमी आमाला आनखी लई वर्षं गप करावं, एवढंच आमचं सगळ्यांचं मागणं.