फुरशाचं कडवं

"ह्ये बी त्याचंच."

बोट आधी खाकी पँटीला पुसायचं, मग समोरच्या वस्तूकडं रोखायचं आणि एवढंच म्हणायचं, ही बत्तीवालेमामांची सवय. आमच्या छापखान्यातल्या खुर्चीतला ढेकूण त्यांनी एकदा चिमटीत धरून उजेडात नेला, नीट निरखला आणि तेच म्हणाले. "मग मारू नका," मी म्हटलं. "मारतोय कुठं? सोडतोय," असं म्हणून त्यांनी तो मालकांच्या गादीवर सोडला.

दौंड स्टेशनात ते बत्तीवाले होते. सिग्नलच्या खांबांवर शिडीनं चढायचं, दिव्यांत घासलेट भरायचं, वाती कात्रीनं सारख्या करायच्या, हे त्यांचं काम. बाकी वेळात ते गीतं रचायचे. देवळात म्हणायची, ख्रिस्ती गीतं. पण विषय एकच, देवानं काय काय केलं. 'त्याचंच' म्हणजे त्या देवाचंच. रेल्वेच्या रद्दी फॉर्मच्या पाठीवर लिहायचे आणि तेलाच्या डब्यावर ठेका धरून चाल बसवायचे. त्यामुळं त्यांच्या प्रत्येक कागदाला घासलेटाचे डाग असत. गीत वाचायच्या आधी वास यायचा.

शिरूरचे पाळकसाहेब त्यांना म्हणायचे, "गीतात एखादं कमळ येऊ द्या." यांचं उत्तर ठरलेलं. "कमळ कुणी बघितलंय इथं? बाभळ बघा की. त्याला काय लाज वाटली न्हाई बाभळ करताना." म्हणून त्यांच्या गीतांत बाभळी, सराटे, सरडे आणि घोरपडी सुखानं नांदत. त्यांच्या आठ वर्षांच्या रूथला त्यातलं टिटवीचं कडवं सर्वांत आवडे. बापाचा डबा घेऊन यार्डात जाताना ती ते मोठ्यानं म्हणायची:

उघड्या रानी टिटवीनं मांडलं घर,
छप्पर न्हाई देवा, तुझा हात वर.

आता माझ्याबद्दल सांगणं भाग आहे. मी छापखान्यात खिळे जुळवायचो. ते मला "जुळारी" म्हणत. माझी कीर्ती वरवंडपर्यंत पोचली होती, कारण तिथल्या एका लग्नपत्रिकेत मी वराच्या जागी वधूपित्याचं नाव जुळवलं होतं. तो गृहस्थ पत्रिका घेऊन आला तेव्हा मी कागदाच्या रिमांमागं बसून होतो. अशा चुका मी पुढं चहाच्या दुकानात रंगवून सांगायचो. लोक हसायचे. मलाही वाटायचं, माझ्या चुका म्हणजे लोकांची करमणूक.

एका उन्हाळ्यात रूथ गोवऱ्या आणायला क्वार्टरमागच्या ढिगाकडं गेली. ढिगात फुरसं होतं, ते चावलं. पुण्याला न्यायचं म्हणून सगळे फलाटावर थांबले. गाडी आली तेव्हा न्यायचं काही उरलं नव्हतं.

बत्तीवालेमामा संध्याकाळी शिडी घेऊन खांबावर चढले. दिवे लागले. पण "ह्ये बी त्याचंच" हे त्यानंतर त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. मी एकदा मुद्दाम पाल दाखवली. माझी अक्कल तेवढीच. त्यांनी पालीकडं पाहिलं, बोट पँटीला पुसलं आणि हात खिशात घातला.

सुगीच्या सणासाठी शिरूरच्या देवळानं त्यांचं सृष्टीचं गीत पुस्तिका करून छापायचं ठरवलं. त्यांचं लिखाण छापलं जाण्याची ही पहिलीच वेळ. गीतात टिटवी होतीच. तिच्यानंतर एक नवं कडवं होतं:

फुरशालाबी दात दिला, दातामधी इख,
त्येबी तुझंच म्हणू दे, देवा, घाल एवढी भीक.

हे कडवं त्यांनी आधी मामींना वाचून दाखवलं होतं. मामी म्हणाल्या होत्या, "माज्या लेकराला खाल्लं त्ये देवाचं? आन् मी उभी ऱ्हाऊन त्ये म्हणू? जिथं ह्ये म्हणतील, तिथं मी न्हाई." मामांनी कडव्यावर आडव्या रेघा मारल्या. हे सगळं मला मागाहून कळलं. कागद ते मालकांच्या हाती देऊन ड्यूटीवर गेले होते.

त्याच आठवड्यात पुण्याचा एक मुद्रितशोधक आमच्याकडं येऊन गेला होता आणि त्यानं मला खुणा शिकवल्या होत्या. खोडलेल्या मजकुराखाली टिंबांची ओळ असली की त्याचा अर्थ, खोडलंय ते राहू द्या. फुरशाच्या कडव्यावर रेघा होत्या आणि खाली टिंबांची ओळ होती. मला कोण आनंद झाला! नवी विद्या लगेच उपयोगी पडली. मी कडवं जुळवलं. मुद्रित त्यांना दाखवायचं होतं, पण म्हटलं, इतकं स्पष्ट असताना त्यांना खांबावरून कशाला उतरवा?

सणाला मी आपली छपाई मिरवायला शिरूरला गेलो. पुढं बाजरीची कणसं आणि भोपळे मांडले होते. मामा डग्ग्यावर होते, मामी बायकांत पहिल्या रांगेत. टिटवी झाली. लोकांनी पान उलटलं आणि पुस्तिकेत होतं ते म्हणायला लागले. मामांचा आवाज थांबला. हात मात्र ठेका देत राहिला. त्याला थांबायचं सुचलंच नसावं. मामींनी पुस्तिका बाकावर ठेवली, पदर डोक्यावरून ओढला आणि त्या बाहेर गेल्या. थेट एसटी स्टँडवर, तिथून कवठे येमाईला भावाकडं.

दुसऱ्या दिवशी मी तो मूळ कागद घेऊन बत्त्यांच्या खोलीत गेलो. "मामा, चुकलो. मला वाटलं, तुम्ही टिंबं दिलीत."

त्यांनी कागद नाकाशी नेला. टिंबं घासलेटाची होती. रेघ मारताना बोटांवरून ठिबकलेली.

खरं सांगतो, मी वाट पाहत होतो. आता बोट पँटीला पुसतील, माझ्याकडं रोखतील, ते नेहमीचं म्हणतील आणि मी सुटेन. त्यांनी बोट पुसलंही.

"न्हाई," ते म्हणाले. "ह्ये तुमचं." मग कागद माझ्या हाती परत देत, "आन् त्याल माजं."

पुढं दोन महिने सुट्टीच्या दिवशी ते वातीची कात्री घेऊन फिरले. भांडगाव, वरवंड, शिरूर, जिथं जिथं पुस्तिका गेली होती तिथं जाऊन फुरशाचं कडवं कापत. माझ्याकडं आले तेव्हा मी म्हटलं, "मामा, त्या पानाच्या मागं टिटवी आहे."

"ठावं हाय मला," म्हणाले आणि सरळ कापलं. वात कापावी तसं.

शेवटी एक कापलेली पुस्तिका घेऊन ते कवठ्याला गेले. काढलं म्हणून दाखवायला. मामींनी पान उलटसुलट केलं, भोकात बोट घातलं आणि विचारलं, "रूथची टिटवी कुठं हाय?"

ते एकटेच परत आले. हे त्यांनी मला सांगितलं ते कात्री पुसता पुसता, मान वर न करता. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. कुठं, ते मी विचारलं नाही. विचारायचं तोंड नव्हतं. खांबांवर दुसरा माणूस चढू लागला.

ती चूक मात्र मी चहाच्या दुकानात कधी सांगितली नाही. माझी प्रत अजून आहे. पान धरलं की भोकातून माझाच अंगठा दिसतो. तिथली दोन्ही कडवी मला तोंडपाठ आहेत, काना-मात्रेसकट. जन्मात तेवढंच बिनचूक आलं.