बांधावरचा पिंपळ

लीलाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सौंसर तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर मातीच्या बांधाचा एक लहानसा तलाव आहे, त्या बांधाच्या खालच्या टोलीत, म्हणजे लहानशा वस्तीत, ती राहते. लोकांच्या संत्र्याच्या बागांत निंदण करून तिनं दोन मुलींची लग्नं केली आणि आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही. मागच्या वर्षभरात मात्र ती दारोदार फिरली. मागत काय होती? तर आपल्याच नवऱ्याच्या नावाचं झाड काढून टाका म्हणून.

आतोबा गेले तेव्हा त्यांच्या आठवणीत तिनं बांधावर पिंपळ लावला होता. जागा मोकळी होती, पाणी जवळ होतं. बोधिवृक्ष म्हणून जिवापाड जपला, आणि पिंपळही असा फोफावला की बघत राहावं. बुद्धपौर्णिमेला आमची वंदना त्याच्याखाली होऊ लागली. सोमवती अमावस्येला गावातल्या देवकाबाई आपल्या बायका घेऊन त्यालाच दोरा गुंडाळू लागल्या. ज्या गावात नळावरून डोकी फुटतात, तिथं एका झाडावर सगळ्यांचं एकमत झालं. मग सावली पाहून पांढुर्ण्याची मंडळी रविवारी डबे घेऊन यायला लागली. भजीचा गाडा आला, बदकाच्या आकाराची पायडलची बोट आली, सरपंच हेमराजभाऊंनी झाडाखाली बाक टाकले. त्या सगळ्याचं आत्याला कौतुकच होतं.

मग एक इंजिनिअर तपासणीला आला. बांधावरून फिरला, खाली उतरला आणि आत्याच्या घरामागची ओली जमीन बघून थबकला. पिंपळाची मुळं बांधाच्या पोटात शिरली आहेत, त्यांच्या कडेनं पाणी वाट काढतंय, असं त्यानं सरपंचांसमोर सांगितलं. नुसतं झाड तोडूनही भागणार नाही. मुळं आत कुजली की तिथं पोकळी होईल. आधी तलावाचं पाणी उतरवा, मग मुळं खणून काढा, माती भरून नीट दाबा. पाझर स्वच्छ आहे तोवर ठीक, गढूळ झाला तर समजा बांधाची माती वाहून चालली. एवढं सांगून, 'बांध असुरक्षित, वर जाऊ नये' असा फलक लावून तो गेला. फलकाचा उपयोग लोकांनी लगेच शोधून काढला. पोहून आलेली पोरं त्यावर टॉवेल वाळत घालतात.

आत्या त्या रात्री जेवली नाही. सकाळी उठली ती तडक हेमराजभाऊंकडे गेली.

"काकू, पिंपळावर कुऱ्हाड कोन चालवीन?" ते म्हणाले. "मले पुढची निवडणूक लढायची हाय का नाई? अन् पानी उतरवलं तर बोट काय चिखलात चालवू?"

विहारातल्या आमच्याच लोकांनी तिला वेड्यात काढलं. "बोधिवृक्ष तोडायचा म्हनते! लीलाबाई, डोकं ठिकानावर हाय का तुमचं?"

"माह्या नवऱ्याच्या नावाचं झाड हाय," आत्या म्हणाली. "मीच म्हनून राहिली काढा, तर तुमाले काहून लागते एवढं? बुद्धानं झाडाखाली बसून डोळे उघडले होते, तुमी मिटून बसले!"

देवकाबाईंनी तर कानांवर हात ठेवले. "नोको वं लीला, त्यात मुंजा राह्यते."

"राह्यते तर त्याले पोहता येते का, इचारून ठेव," आत्या म्हणाली आणि चालू लागली.

तालुक्याला गेली तर तिथला साहेब म्हणाला, सरपंचाचा ठराव आणा. सरपंच म्हणाले, साहेबांचं पत्र आणा. मला या लोकांचा मनापासून संताप येतो. झाडावर श्रद्धा आहे, ठीक आहे; पण झाडाखाली घरं आहेत आणि घरांत माणसं आहेत, हे सांगायला काय भोंगा लावायचा?

यंदा उन्हाळ्यात पाझर गढूळ झाला. पावसाळा तोंडावर आलेला. आत्या या वेळी कुणाच्या दारी गेली नाही. बुद्धपौर्णिमेच्या दिवशी तिनं खिरीचं पातेलं बांधावर न नेता घरामागच्या त्या ओल्या जागेत मांडलं. बुद्धांचा फोटोही तिथंच एका टेबलावर ठेवला. "औंदा वंदना खालीच होईन," तिनं सांगून टाकलं. मला हळूच म्हणाली, "तोंडानं सांगून थकली बाप्पा. आता त्याईचे पायच सांगतीन त्याईले."

लोक कुरकुरले, पण खीर तिथं म्हटल्यावर आले. देवकाबाईही आल्या, दरवर्षी येतात तशा. सगळे अनवाणी उभे राहिले. आजूबाजूच्या विहिरींनी तळ गाठलेला, शेतांना भेगा पडलेल्या आणि इथं घोट्यापर्यंत चिखल. वंदना झाली. हातात डाव घेऊन आत्या एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

पहिली बोलली ती शेजारची प्रेमलता. "अवं माय, किती गार लागून राहिलं पायाले!"

पोरं चिखलात नाचायला लागली. उशिरा आलेल्या हेमराजभाऊंनीही चपला काढल्या, पाय आत रोवले आणि खुशीत म्हणाले, "जागा मस्त हाय, काकू. पुढच्या साली मंडप इथंच टाकू. दोन बाक बी देतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आत्यानं खिरीची एक रिकामी वाटी उचलली, त्यांच्या पावलाच्या खड्ड्यात बुडवली आणि ते लालसर पाणी त्यांच्यापुढे धरलं. "हे बी घ्या. तुमच्या बांधाची माती हाय यात."

"काकू बी मजाक करते," म्हणत ते हसले. त्यांच्यामागे सगळे हसले.

तेव्हा मात्र आत्या मटकन खाली बसली, पांढऱ्या लुगड्यानिशी चिखलात, आणि मोठ्यानं रडायला लागली. आतोबांच्या मयतीलाही ती अशी रडली नव्हती. हसू थांबलं. देवकाबाई लगबगीनं पुढे आल्या, तिच्याजवळ चिखलातच टेकल्या आणि तिच्या पाठीवरून मायेनं हात फिरवत म्हणाल्या,

"याद आली ना त्याईची? रडू नोको, लीला. झाड हाय ना त्याईचं. आमी कोनाले हात लावू देत नाई त्याले."