मिस्त्रींचं पाण्यावरचं इंजिन

पाण्याचा पेला हातात दिला की मिस्त्री तो आधी उजेडाकडे धरायचे. एक डोळा मिटून आरपार बघायचे. मग म्हणायचे, "मास्तर, पाणी म्हणजे विझलेली आग हाय. फक्त परत पेटवता आली पायजे." आणि ती विझलेली आग एका दमात पिऊन टाकायचे.

मी रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. मिस्त्री तिथल्याच एका केमिकल कंपनीत फिटर. वरसे गावात आमची घरं समोरासमोर होती. ओळख झाल्या झाल्याच मी त्यांना समजावलं होतं, "मिस्त्री, हायड्रोजन जळून गेल्यावर जे उरतं ते पाणी. आग कसली, राख म्हणा. राख पुन्हा कशी जळेल?"

"राखेनं भांडी तर घासतात ना?" ते म्हणाले.



ते इंजिन त्यांनी पेणला भंगारात हेरलं. शेतातलं पाणी उपसायचा छोटा पंप तुम्ही पाहिला असेल. पेट्रोलवर सुरू करायचा आणि गरम झाला की रॉकेलवर घ्यायचा, त्यातला. ते धूड घेऊन मिस्त्री एसटीत चढायला लागले तर कंडक्टरने दारातच अडवलं. रॉकेलचं इंजिन गाडीत घेणार नाही म्हणाला.

"रॉकेलचं नाय, पाण्यावर चालणारं हाय!" मिस्त्रींनी छाती पुढे काढून सांगितलं.

"पाण्यावर चालतं ना? मग खाडीतनं ने."

शेवटी इंजिन घेऊन ते एका टेम्पोत भाताच्या पोत्यांवर बसून रोह्याला आले. हा किस्सा मिस्त्री स्वतःच सगळ्यांना सांगायचे, आणि कंडक्टर हुशार होता हेही कबूल करायचे.

पण असला नाद माणूस उगाच करत नाही. त्यांचं गाव धरमतरच्या खाडीला. घरची मिठागरात मजुरी आणि बांधाच्या आत थोडी भातशेती. "चारी बाजूंनी पाणी," ते सांगायचे, "पियाला नाय, शेताला नाय. उलट बांध फुटला का आमच्याच भातात घुसतं. मग ते उपसायला रॉकेल आणा. एवढं पाणी नुसतं बसून हाय, त्याला कायतरी कामाला लावायला नको?" घरी बसून खाणाऱ्या मेहुण्याबद्दल बोलावं तसं ते खाडीबद्दल बोलायचे.

प्रयोग तसा साधा. लोणच्याच्या मोठ्या बरणीत पाणी, थोडा कॉस्टिक सोडा, दोन्ही बाजूंना स्टीलच्या पट्ट्या, आणि ट्रकच्या जुन्या बॅटरीच्या वायरी. पट्ट्यांवर बुडबुडे सुटायचे आणि तो गॅस नळीने इंजिनात जायचा. पट्ट्या वहिनींच्या ताटांतून कापलेल्या. "पाव्हणे आले का केळीच्या पानावर वाढते," वहिनी सांगायच्या. "लोकांना वाटतं, काय रीतभात हाय यांच्याकडं!"

रोज संध्याकाळी पडवीत इंजिन पेट्रोलवर सुरू व्हायचं. मग मिस्त्री पेट्रोलचा कॉक बंद करून गॅसची नळी उघडायचे. इंजिन चाळीस सेकंद चालायचं आणि खोकत खोकत बंद पडायचं.

"चाळीस!" मिस्त्री घड्याळ दाखवायचे.

"अहो, ते कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल."

"आन शेवटचे दोन ठोके? ते कोणाचे?"

त्या दोन ठोक्यांवर आमची वर्षभर भांडणं झाली.

एकदा ते गावाहून कॅन भरून खाडीचं पाणी घेऊन आले. खाऱ्या पाण्यातून वीज चांगली वाहते, हे शहाणपण मीच शिकवलं होतं. त्यातून क्लोरीन सुटतो हे सांगायला मात्र विसरलो. थोड्या वेळात मिस्त्री, मी, वहिनी आणि शेजारचं मांजर, असे सगळे रस्त्यावर उभे राहून खोकत होतो. डोळे पुसत मिस्त्री म्हणाले, "पाण्यात जोर हाय, हे तरी आता मानता का?"

हे सगळं पडवीतच राहिलं असतं. पण शाळेत विज्ञान प्रदर्शन ठरलं आणि मिस्त्रींची कीर्ती मुख्याध्यापकांच्या कानावर गेली. "आपल्या गावचे संशोधक" म्हणून त्यांना बोलावणं गेलं. मिस्त्रींनी गावाहून आईला बोलावून घेतलं. पेणच्या पुढे कधी न आलेली ती म्हातारी पहिल्या रांगेत, मुख्याध्यापकांच्या शेजारी, खुर्चीवर दोन्ही पाय वर घेऊन बसली.

 चाळीस सेकंदांनंतर काय होणार हे मला ठाऊक होतं. त्या म्हातारीला ते दिसू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मिस्त्री हातपाय धुवायला गेले तेवढ्यात मी शिपायाच्या स्टोव्हमधलं रॉकेल आणून इंजिनाच्या रॉकेलच्या रिकाम्या टाकीत ओतलं. पुढे त्यांनी पेट्रोल बंद केलं तेव्हा मदत करतोय असं दाखवून मी वाकलो आणि रॉकेलचा कॉक हळूच उघडला.

चाळीस सेकंद झाले. मिनिट झालं. इंजिन आपलं चालतंच आहे! मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मिस्त्रींशी हात मिळवला. मुख्याध्यापकांनी त्यांना हार घातला. आईने हात जोडले. हात कोणाला जोडले ते कळलं नाही, बहुतेक इंजिनालाच.

मिस्त्री तेवढे हसत नव्हते. ते वाकले, धुरापुढे तळहात धरला, नाकाशी नेला. मग माझ्याकडे एकदाच बघितलं आणि रॉकेलचा कॉक बंद केला. इंजिन थांबलं. टाळ्याही थांबल्या.

"मंडळी," गळ्यातला हार काढत ते म्हणाले, "हे रॉकेलवर चाललं. पाण्यावर नाय."

"पण टाकीत रॉकेल घातलं कोणी?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"इंजिन माझं, टाकी माझी. बघायचं काम माझं होतं."

परत आलेल्या हाराचं काय करावं हे मुख्याध्यापकांना कळेना. शेवटी त्यांनी तो शेजारच्या पचनसंस्थेच्या तक्त्याला घातला.  तेवढ्यात म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, "रॉकेलवर तं रॉकेलवर! चाललं नं? आमचे गावचा पंप तं रॉकेलवरपन चालत नाय!"

सगळं मैदान हसलं. मिस्त्रीही हसले, पण उशिरा.

पुढे कंपनीत त्यांना "रॉकेलवाले" म्हणायला लागले. लबाडी केली आणि ऐन वेळी घाबरून कबूल केली, असं लोकांनी ठरवूनच टाकलं. माझ्यासमोर कोणी तसं बोललं की मी दुसरीकडे बघायचो. विज्ञानाचा शिक्षक होतो ना! पण त्यांच्या घरासमोरच राहणार, जाणार कुठे? तिसऱ्या की चौथ्या रविवारी उठलो, रस्ता ओलांडला आणि सगळं सांगून टाकलं.

"ठावं हाय," पाना पुसत ते म्हणाले. "हात मिळवलात ना तुम्ही, तेव्हा हाताला वास येत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला पोरांसमोर उभं राहायचं असतं. मला काय, नटबोल्ट थोडेच हसतात?" मग थोडं थांबून म्हणाले, "पण परत नाय करायचं, मास्तर. चाळीस सेकंद होते, ते माझे होते. त्याच्या पुढचे कोणाचेच नव्हते."

 त्यांनी हत्यारांची पिशवी माझ्या पायाशी सरकवली. "उचला. गावच्या पंपासाठी आई निरोपावर निरोप धाडतेय."

त्या रविवारी गावचा पंप सुरू झाला. पुढच्या रविवारी शेजारच्या गावाहून बोलावणं आलं. मग खाडीकाठची गावं एकामागून एक लागली. बरणी, पट्ट्या, बुडबुडे हेही संध्याकाळी चालूच होतं, पण रविवार पंपांचा. बांधावरून चालताना लांबूनच आवाज ऐकून ते सांगायचे, "त्याचा प्लग गेला," "ह्याला हवा कमी पडतेय." मी मागून पिशवी घेऊन. "चौदा-पंधरा," ते म्हणायचे, की मी चौदा-पंधराचा पाना हातात द्यायचो. त्यात मी इतका तरबेज झालो की लोक मलाही मिस्त्री समजायचे. ते मला आवडायचं.

रिटायर झाल्यावर ते वहिनींना घेऊन गावी गेले. दोन वर्षांनी, भात पोटरीला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात असताना, ते गेल्याचं कळलं. मी पोचलो तेव्हा दहावं होऊन गेलं होतं. वहिनींनी चहा दिला. 

तेवढ्यात चार शेतकरी अंगणात आले. बांधाला भगदाड पडलं होतं, भातात खारं पाणी घुसलं होतं आणि पंप सुरू होत नव्हता. "मास्तर," एकजण संकोचत म्हणाला, "तुमी यायचात ना त्यांच्यासंगती. जरा बगता?"

वहिनींनी आतून पिशवी आणून दिली. सगळे पाने तेलाच्या फडक्यात नीट गुंडाळलेले होते. मी बांधावर गेलो, पंपासमोर उकिडवा बसलो आणि चौदा-पंधराचा पाना काढला. खाडीला भरती लागली होती. चौघेही माझ्या हाताकडे बघत उभे होते, आणि आधी कोणता नट सोडायचा हे मला सांगणारं तिथे कोणी नव्हतं.