वस्तीच्या वतीनं दहा दिवस

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे ते बडे अब्बा, म्हणजे माझे थोरले चुलते. वाळूजच्या एका कंपनीत ते सव्वीस वर्षं मशिनवर होते. एवढ्या वर्षांत त्यांनी तापासाठी, पाहुण्यांसाठी, स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यासाठीसुद्धा रजा घेतली नाही. साखरपुड्याच्या दिवशी पहिली पाळी करून, हाताला लागलेला ऑइलचा वास तसाच घेऊन ते मांडवात येऊन बसले. बडी अम्मी म्हणाली, "पाहुणे काय म्हणतील?" तर म्हणाले, "म्हणू दे. कामावरनं आलो, चोरी करून नाय आलो." वर्षाची सगळी रजा ते रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांसाठी राखून ठेवत.

त्या दहा दिवसांत ते एतिकाफला बसत. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विसाव्या रोजाला सूर्य मावळण्याआधी माणूस आपलं अंथरूण घेऊन मशिदीत जातो आणि ईदचा चंद्र दिसेपर्यंत तिथून बाहेर पडत नाही. नैसर्गिक विधी सोडले तर कशासाठीच नाही. कुणाचं आजारपण बघायला नाही, मयतीलाही नाही. नमाज, कुराण, दुआ आणि उरलेला वेळ गप्प राहणं. वस्तीतला एक माणूस जरी असा बसला, तरी सगळ्या वस्तीचं कर्तव्य पार पडतं. कुणीच बसलं नाही तर दोष सगळ्यांच्या माथी. बजाजनगरजवळची आमची वस्ती पाळ्या करणाऱ्यांची, त्यातले निम्मे ठेकेदाराकडचे. दहा दिवसांचा खाडा कुणाला झेपणार? म्हणून दरवर्षी बडे अब्बा बसत. "तुम्ही कंपनी सांभाळा," ते लोकांना म्हणत, "मी इथली पाळी करतो."

माझे अब्बा वारले तेव्हा मी पिशोरच्या मराठी शाळेत आठवीत होतो. दहावीनंतर बडे अब्बांनी मला आपल्याकडे आणलं. अम्मी तिकडेच राहिली, दुसऱ्यांच्या शेतात कामाला जात राहिली. आमच्या घरात सगळे दखनी बोलत, पण बडे अब्बा माझ्याशी मुद्दाम मराठीतच बोलत, कारण पिशोरच्या मास्तरांनी त्यांना एकदा सांगितलं होतं की घरात मराठी बोला, म्हणजे पोराचं गणित सुधारेल. गणिताचा आणि त्याचा काय संबंध हे त्यांनी विचारलं नाही. मास्तरांचा शब्द होता, तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला. बडी अम्मी चिडवायची, "भतीजा आया की ये पाटील हो जाते."

शेवटच्या दहा रात्रींतली एक रात्र हजार महिन्यांपेक्षा मोठी असते, असं आम्ही मानतो. ती नेमकी कोणती हे मात्र सांगितलेलं नाही. विषम तारखांना शोधायची असते. मी अकरावी सायन्सला नवा नवा होतो. म्हणालो, "बडे अब्बा, तारीखच सांगून टाकली असती तर काय बिघडलं असतं?" ते म्हणाले, "नाय सांगितली तेच बरं. सांगितली असती तर लोक त्याच राती आले असते आणि दुसऱ्या दिवशी मशिदीला कुलूप लागलं असतं." दहा दिवस तुम्ही मागता तरी काय, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "माफी." कशाची, म्हटलं. "सुपरवायझरला कारण सांगावं लागतं. तिथं नाय लागत."

रमजानचा शेवटचा शुक्रवार झाला की ते हळवे होत. महिना हा त्यांना घरी आलेला पाहुणा वाटायचा. "पाहुणा चपला शोधायला लागला बघ," असं म्हणून ते तोंड फिरवत. पुढच्या वर्षी तो येईल, पण आपण असू की नाही हे कुणाला माहीत, हे त्यांचं नेहमीचं बोलणं होतं. आम्ही ते ऐकून सोडून द्यायचो.

आता माझी चूक सांगतो. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. कॉलेजात सगळं इंग्रजीत चाले. एक सर उभं करून प्रश्न विचारत. उत्तर येत असूनही माझ्या तोंडातून वाक्य निघत नसे आणि मागच्या बाकांवरून हसण्याचा आवाज येई. मी हळूहळू त्यांच्या तासांना जाणं सोडलं. ग्रंथालयात बसून तेच पुस्तक वाचायचो. वर्ष संपताना हजेरी कमी भरली आणि हॉल तिकीट अडलं. कार्यालयात सांगितलं, उद्या दुपारपर्यंत पालकांना समक्ष आणा, हमीपत्रावर सही होऊ द्या, नाहीतर वर्ष गेलं. तो तेविसावा रोजा होता.

संध्याकाळी इफ्तारीचा डबा घेऊन मी मशिदीत गेलो. कोपऱ्यात निळी चादर बांधून त्यांनी बसायची जागा केली होती. मी चादरीबाहेर बसून सगळं सांगितलं. त्यांनी चादर बाजूला सारून विचारलं,

"तुझी अम्मी आली तर चालंल का?"

"फॉर्मवर नाव तुमचं आहे."

"इमाम हाफिजजींनी सही केली तर?"

"नाही चालणार."

"हौ," ते म्हणाले. "डबा ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मशिदीच्या दारात चपला घालून उभे होते. त्यांच्या मागे हाफिजजी खाली मान घालून उभे होते. रिक्षात बडे अब्बा माझ्याशी एकच वाक्य बोलले, "शर्टाची गुंडी लाव."

प्राचार्यांनी त्यांना खुर्ची दिली. विचारलं, "मुलगा वर्गात का येत नाही?" बडे अब्बा म्हणाले, "साहेब, इंग्रजीला लाजतो. मी कंपनीत लागलो तवा मशिनच्या बटणावरचं बी मला वाचता येत नव्हतं. दुसऱ्या पोरांना विचारू विचारू शिकलो. तुम्ही त्याला चार लोकांत उभं करू नका, एकट्याला विचारा. येतंय त्याला." प्राचार्य माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कागद पुढे केला आणि बडे अब्बांनी मराठीत, प्रत्येक अक्षरावर दाब देत सही केली. त्या कागदाची झेरॉक्स आणायला मी खाली गेलो. परत आलो तेव्हा ते क्लार्कशी बोलत बसले होते. मला बघून उठले. परतताना रिक्षात मी विचारलं, "तुमचा एतिकाफ?" म्हणाले, "तुटला."

दुपारची नमाज झाल्यावर त्यांनी उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "भाईहो, एतिकाफ तुटला. माझ्या कामासाठी मी बाहेर गेलो होतो. तो तुम्हा सगळ्यांचा होता, म्हणून सांगतो." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. पण वस्तीत काय लपतं? शेजारचे रफिकभाई सगळ्यांदेखत म्हणाले, "पोराच्या डिग्रीपायी वस्तीचा एतिकाफ घालवला, चाचा." बडे अब्बा म्हणाले, "व्हय, घालवला. माफ करा." विसाव्या रोजाची संध्याकाळ टळलेली असल्यानं दुसऱ्या कुणाला त्या जागी बसताही येत नव्हतं. उरलेले दिवस बडे अब्बा मशिदीतच राहिले, पण ती त्यांची स्वतःची इबादत होती, वस्तीची नव्हे. चादर त्यांनी सोडून घडी करून ठेवली. ईदनंतर नियमाप्रमाणे एक दिवस रोजा धरून मशिदीत बसून त्यांनी तुटल्या दिवसाची भरपाई केली. गेलेले दहा दिवस मात्र पुन्हा आणता येत नाहीत. मी मनाला समजावलं की पुढच्या वर्षी बसतीलच.

मी पास झालो. आमच्या खानदानातला पहिला पदवीधर. पुण्यात एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. आणि त्याच पावसाळ्यात बडे अब्बांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, रोजे बंद. रोजाशिवाय हा एतिकाफ होत नाही.

पुढचा रमजान आला तेव्हा पट्टी बांधलेला हात छातीशी धरून ते वस्तीत दारोदार फिरले. "कुणीतरी बसा." लोक वाईट नव्हते. "चाचा, ठेकेदार काढून टाकंल," असं म्हणत आणि त्यांना बसायला खुर्ची देत. अठराव्या रोजाला त्यांनी मला फोन केला. "अन्वर, सुट्टी मिळंल का?" मी सांगितलं की अजून वर्ष पूर्ण नाही, मागितली तर नोकरी कायम होणार नाही. "बराबर आहे," ते म्हणाले. "नोकरी सांभाळ." त्या वर्षी कुणीच बसलं नाही. ईदला गेलो तर त्यांनी गळाभेट घेतली आणि कानाशी एवढंच म्हणाले, "मी जिता असताना जागा रिकामी राहिली रे."

गेल्या वर्षी मी दहा दिवसांची रजा महिनाभर आधीच मंजूर करून घेतली. एकोणिसाव्या रोजाला घरी पोचलो. बडे अब्बा खाटेवर उशीला टेकून होते, अगदी लहान दिसत होते. मी बसणार म्हटल्यावर कितीतरी वेळ माझा हात धरून राहिले. मग कामाची माहिती द्यावी तशी सगळी माहिती दिली. "मोबाइल घरी ठेव. फोन घेऊन बसणं म्हणजे बाजारात बसणं. पाय आखडले तर फिर, पण उंबऱ्याच्या आत. रडू नाय आलं तर जबरदस्तीनं रडायचं नाय. गप्प बस, तेवढं लई झालं."

रफिकभाई रोज डबा आणत. पंचविसाव्या रोजाला डबा ठेवून ते तिथंच बसले. म्हणाले, "डायलिसिस झेपत नाय आता. प्रेशर पडतंय. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. कालच आणलं." आमचं घर मशिदीपासून दोन गल्ल्यांवर. मी हाफिजजींना विचारलं. ते म्हणाले, "भेटायला गेलास तर एतिकाफ तुटंल. जायचं की नाय, ते तू ठरव." दुसऱ्या दिवशी मी एक पत्र लिहून रफिकभाईंच्या हाती दिलं.

सत्ताविसाव्या रोजाला निरोप आला. रफिकभाई म्हणाले, "चष्मा लावून तासभर वाचत होते. कुणाला हात लावू दिला नाय. म्हणाले, उठायचं नाय म्हणावं. वस्तीला दुसरं कोणी नाय." मग म्हणाले, "अजून एक सांग म्हणाले. कॉलेजचं मला त्याच दिवशी कळलं होतं, क्लार्कनं सांगितलं होतं. काय कळलं, ते मी नाय विचारलं त्यांना."

अठ्ठाविसाव्या रोजाला सकाळी नऊच्या सुमारास बडे अब्बा गेले.

जनाजा मशिदीसमोरच्या मैदानात ठेवला. नमाजेच्या रांगा मशिदीच्या दारापर्यंत आल्या आणि मी उंबऱ्याच्या आत शेवटच्या रांगेत उभा राहिलो. त्यांना शेवटची आंघोळ, गुसल, देता आलं नाही, खांदा देता आला नाही, मूठभर माती देता आली नाही. निघताना रफिकभाईंनी जनाजा उचलणाऱ्यांना थांबवलं, दारासमोर खाली ठेवायला लावला आणि तोंडावरचं कापड बाजूला केलं. मी उंबऱ्याच्या आतून त्यांचा चेहरा पाहिला. मग ते त्यांना घेऊन गेले. मशिदीत मी आणि हाफिजजींच्या घड्याळाची टिकटिक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चंद्र दिसला, फटाके वाजले, आणि मी अंथरूण तिथंच टाकून कब्रस्तानाकडे गेलो.

बडी अम्मीनं ते पत्र मला परत दिलं. त्यांच्या उशीखाली सापडलं म्हणाली. तिला मराठी वाचता येत नाही. पत्र असं होतं:

बडे अब्बा,

अस्सलामु अलैकुम. आज सव्विसावा रोजा, दुपारची नमाज झाली आहे. मी बरा आहे. रफिकभाई वेळेवर येतात, त्यांच्याकडचं कालवण फार तिखट असतं, पण मी संपवतो. पहिले चार दिवस मला रडू आलं नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे गप्प बसलो. काल आलं.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. त्या संध्याकाळी मी तुमच्याशी खोटं बोललो. क्लार्क म्हणाले होते की आई आली तरी चालेल. अम्मी सकाळच्या एसटीनं आली असती. पण ती अंगठा उठवते. साहेबांच्या टेबलावर तिनं अंगठा उठवलेला मला नको होता. तुम्ही सही करता, म्हणून मी तुम्हाला उठवलं. तुम्ही सगळ्यांसमोर 'माझ्या कामासाठी' म्हणालात तेव्हा मी मागच्या रांगेत होतो आणि गप्प राहिलो. त्यानंतर तुम्हाला बसता आलं नाही.

इथं मी रोज माफी मागतो. पण हाफिजजी म्हणतात, ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे आधी मागावी, मग वर. म्हणून तुमच्याकडे मागतो. अम्मीकडे ईदनंतर पिशोरला जाऊन मागेन.

तुम्ही काल पाणीसुद्धा घेतलं नाही असं कळलं. दारात उभं राहिलं की आपल्या घरावरची टाकी दिसते. तुम्ही माझ्यासाठी उठलात तेव्हा रात्रभर विचार केला असेल, पण मला काही विचारलं नाहीत. माझ्यात तेवढी ताकद नाही, म्हणून विचारतो. तुम्ही हो म्हणालात तर लगेच निघतो.

बडे अब्बा, उठू का?

तुमचा
अन्वर